आतेभावाची कातडी

स्वतःच्या तोंडाची आमच्या दादाने जेवढी सेवा केली तेवढी उभ्या मराठवाड्यात कुणी कुणाची केली नसेल, आणि एवढ्या सेवेनंतर इतकं कृतघ्न निघालेलं तोंडही मी दुसरं पाहिलेलं नाही. दादा म्हणजे माझा सख्खा आतेभाऊ, नांदेडचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मुरमं सगळ्यांनाच येतात. पंधराव्या वर्षी येतात, विसाव्या वर्षी जातात. दादाची वेळेवर आली आणि मग जायचंच विसरली. बत्तीस वर्षांचा सरकारी नोकर झाला तरी त्याच्या गालांवर दहावीतला मुलगा राहात होता. बरं, नुसती मुरमं असती तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण त्याची कातडी विलक्षण मानी होती. लिंबू लावलं की आग, हळद लावली की चट्टे, बेसन लावलं की खाज, आणि काहीच नाही लावलं तरी मुरमं. एका दिवाळीत आत्याने कडुलिंबाचा पाला वाटून त्याच्या तोंडाला थापला. ‘आपला रामबाण उपाय आहे,’ असं ती म्हणत होती तेवढ्यात दादा उठला आणि हौदात मान घालून बसला. फराळाला आलेल्या पाहुण्यांना त्या वर्षी त्याची फक्त पाठ दिसली.

असं तोंड घेऊन जगणाऱ्या माणसाला रोज किती वैद्य भेटतात याची आपल्याला कल्पना नसते. भाजीवाली सांगायची, रिक्षावाला सांगायचा, साहेबाच्या केबिनमध्ये फाईल घेऊन गेला की साहेब आधी तोंडावर बोलायचे आणि मग फायलीवर. एकदा आम्ही दोघं औशाच्या स्टँडवर सोलापूरहून येणाऱ्या गाडीची वाट पाहात उभे होतो. एक फेटेवाले म्हातारबा चालत आले, त्यांनी सरळ दादाची हनुवटी धरली, बैलाचे दात बघावेत तसं त्याचं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि विचारलं, “पोट साफ होत न्हाई का वो तुमचं?” स्टँडवरची सगळी माणसं उत्तरासाठी थांबली. दादा शांतपणे म्हणाला, “होतं की.” “मग लगीन करा,” म्हातारबा म्हणाले आणि निघून गेले. दादा कुणावर कधी चिडला नाही. ‘करून बघतो,’ हे त्याचं सगळ्यांना एकच उत्तर. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, “लोकांना वाटतं रे आपल्यासाठी. तेवढं तरी वाटतं.”

त्याची सेवा सुरू झाली ती नांदेडच्या एका कातडीच्या डॉक्टरांमुळे. हे म्हातारे डॉक्टर फार कमी बोलत. त्यांनी दादाला तीन गोष्टी सांगितल्या. घासायचं नाही, फोडायचं नाही, आणि मी दिल्याशिवाय काही लावायचं नाही. आजवर सगळ्यांनी काहीतरी लावायला सांगितलं होतं. न लावायला सांगणारा हा पहिलाच माणूस. दादाने त्यांना गुरू केलं. त्या तीन वाक्यांतून त्याने पुढे जो विधी उभा केला, तो खुद्द डॉक्टरांनी पाहिला असता तर त्यांनी फी परत दिली असती.

तो विधी मी रोज पाहिला, कारण मी त्याच्याच खोलीत राहात होतो. लातूरचा नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि माणसं कमी पडायला लागली. दादाची नांदेडहून लातूरला बदली झाली, नकाशांच्या खोलीत. वर्षभराने त्याच कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली, तीही दादाने अर्ज भरून दिला, टाइपिंगच्या परीक्षेला सायकलवरून सोडलं आणि निकालाची यादी लागेपर्यंत रोज फळ्यासमोर जाऊन उभा राहिला म्हणून. आडत दुकान असलेल्या एका आप्पांच्या माडीवर आमची खोली होती. आप्पा दुकानात असायचे. घराची सत्ता अक्कांकडे.

जेवणं झाली की दादा आधी कोपरापर्यंत हात धुवायचा. मग उकळून गार केलेलं आणि धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळलेलं पाणी पुन्हा कोमट करायचा. कोमट म्हणजे किती, ते मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून ठरायचं. बाळाचं दूध बघतात तसं. ओंजळीत पाणी घेऊन तो ते तोंडावर मारत नसे, तोंड ओंजळीत नेऊन ठेवत असे. मग एक पंचा होता, जो रोज धुतला जायचा आणि ज्याला मी हात लावलेला त्याला चालत नसे. त्या पंच्याने तोंड पुसायचं नाही, टिपायचं. शाई टिपावी तसं. मग पाच मिनिटं तोंडाला वारा लागू द्यायचा. त्या पाच मिनिटांत बोलायचं नाही, कारण बोललं की गाल हलतात. मग काडीला कापूस गुंडाळून डॉक्टरांनी दिलेल्या गुलाबी औषधाचा एकेक ठिपका. सगळं झालं की धुतलेला अभ्रा घातलेल्या उशीवर उताणा पडायचा तो सकाळपर्यंत कूस न बदलता. अंधारात ते गुलाबी ठिपके दिसायचे नाहीत, पण ते तिथे आहेत हे माहीत असल्यामुळे मलाही कितीतरी दिवस झोपेत कूस बदलायची चोरी वाटायची.

ठिपके लावताना मात्र तो बोलायचा, आणि तेव्हाचा दादा मला सगळ्यांत आवडायचा. दिवसभर नकाशे काढून त्याला स्वतःच्या तोंडाचाही नकाशाच दिसायचा. कपाळाला तो उदगीर म्हणायचा, उजव्या गालाला औसा, हनुवटीला निलंगा. “निलंग्याची परिस्थिती चिंताजनक आहे. उदगीर शांत.” जिल्हा लातूर झाला तरी नाकाचा शेंडा मात्र त्याने नांदेडकडेच ठेवला होता. नाकाला तो मुदखेड म्हणायचा. “सगळ्या गाड्या इथंच येऊन थांबतात रे. जंक्शन आहे.” असं म्हणून तो स्वतःच हसायचा, आणि हसताना गाल ताणले जाऊ नयेत म्हणून दोन बोटांनी ते धरून ठेवायचा. हे फक्त मला माहीत होतं. आत्यालासुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, मग तेही नाही, मग टँकर. अक्का दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि बिऱ्हाडागणिक घागर मोजून द्यायच्या. आमच्या वाट्याला दोघांत एक घागर गोडं पाणी, बाकी अंगणातल्या बोअरचं खारं. तरीही रात्री माडीवरून पाणी गाळल्याचा आवाज यायचाच. एकदा अक्का जिना चढून वर आल्या. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, कमरेवर हात. “काय करून राहिलाव सायेब? मी लिंगाला घालत न्हाई तेवढं पाणी तुमी गालाला घालून राहिलाव. गल्लीतल्या बाया मला बोलायल्यात.” दादा पाच मिनिटांच्या मौनात होता. त्याने बोटाने थांबा अशी खूण केली, आणि अक्काही, आश्चर्य म्हणजे, थांबल्या. मौन सुटल्यावर तो म्हणाला, “अक्का, मी चहा सोडतो.” आणि खरंच सोडला. प्यायलाही खारं पाणी घ्यायला लागला. “पोटाला सवय होते. गालाला होत न्हाई,” म्हणायचा. एका पेल्यात तो सगळा विधी करायला शिकला. गाळलेलं वापरून झालं की तेच पाणी खाली अक्कांच्या तुळशीला. पुढे अक्का बोलेनाशा झाल्या. उलट गल्लीतल्या बायांना सांगायच्या, “मानूस सोताच्या वाट्याचं वापरतोय, तुमचं काय गेलं?”

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

कचेरीत मी अजून नवाच समजला जात होतो. माझ्याशी कुणी बोलत नसे. हेडक्लार्क माझी टाइप केलेली पत्रं टेबलावर न ठेवता टेबलाच्या दिशेने सोडायचे. दुपारच्या सुट्टीत सगळे पाय पसरून बसायचे, हसायचे, आणि मी कोपऱ्यात डबा उघडायचो. त्या दुष्काळातल्या एका दुपारी कॅन्टीनमध्ये पाणी नाही म्हणून चहा मिळाला नाही, सगळे वैतागले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या खोलीवर मात्र रोज अभिषेक असतो.” हेडक्लार्कांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “कसला रे?”

मी उठून उभा राहिलो आणि करून दाखवलं. मनगटावरचा थेंब, ओंजळ, टिपणं, मौन, कापसाची काडी. मला नक्कल करता येते हे मलाच माहीत नव्हतं. हेडक्लार्क खुर्चीवरून घसरले. शिपाई दारात उभा राहून डोळे पुसत होता. आणि शेवटी, टाळी अजून मोठी मिळावी म्हणून, मी नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, “मुदखेड जंक्शन. सर्व गाड्या येथे थांबतील.”

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती.

नकाशांची खोली पलीकडच्या इमारतीत होती, म्हणून महिनाभर दादाला काही कळलं नाही. मी मात्र रोज नवं काही रचत होतो. जे तो करत नव्हता तेही त्याच्या नावावर घालत होतो. मग एके दिवशी तो कसल्याशा सहीसाठी आमच्या इमारतीत आला आणि व्हरांड्यातून कुणीतरी शिट्टी वाजवली. शिपाई ओरडला, “मुदखेडची गाडी आली वो!” मी टाइपरायटरवर मान घालून बसलो. दादा सही घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं की नाही, ते मला माहीत नाही, कारण मी वर पाहिलंच नाही.

त्या रात्री पंच्याने तोंड टिपता टिपता त्याने विचारलं, “मुदखेड त्यांच्याकडं कुठनं गेलं रे?”

“मला काय माहीत,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला. पाच मिनिटं गप्प बसला, आणि पाच मिनिटं झाल्यावरही गप्पच राहिला. ठिपके लावले, दिवा मालवला. त्या रात्रीनंतर उदगीर, औसा, निलंगा यांतलं कुणीही आमच्या खोलीत आलं नाही.

मला वाईट वाटत होतं, पण ते सांगण्याइतकं नाही. एवढ्यात दादाचं लग्न जुळण्याची वेळ आली. उदगीरच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी प्रशिक्षणासाठी लातूरला आली होती; अक्कांच्या नात्यातली निघाली. अक्कांनीच तिला घरी बोलावलं आणि दादालाही खाली बोलावलं. मी जिन्यात बसून ऐकत होतो. दादा तिच्याशी खिडकीकडे पाठ करून बोलत होता, तोंड अंधारात राहावं म्हणून. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला पण येतात की उन्हाळ्यात. तुमी काय लावता?” आजवर त्याला काय लाव हे सगळ्यांनी सांगितलं होतं, काय लावतो असं कुणी विचारलं नव्हतं. दादाने खुर्ची वळवली आणि अर्धा तास तिला पाणी कसं गाळायचं ते सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती. जाताना तिने अक्कांना होकार सांगितला. पंधरा दिवसांनी उदगीरला जाऊन वडीलमाणसांसमोर बसायचं, एवढंच राहिलं.

पण त्या पंधरा दिवसांत उन्हाने कहर केला, टँकर दोन वेळा आलाच नाही, आणि दादाचं तोंड पेटलं. मला वाटलं, आता आपण काहीतरी करायला पाहिजे. मी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी नको, डॉक्टर नको, एक ट्यूब काढून दिली. “आठ दिवसांत आरसा होतो. लई लोक नेतात.” मी ती आणून दादापुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

“डॉक्टर काही लावू नको म्हणालेत रे.”

“डॉक्टर नांदेडला आहेत. तुला उदगीरला जायचंय. लाव दादा. माझ्यासाठी लाव.”

तो माझ्याकडे बराच वेळ पाहात राहिला आणि म्हणाला, “बरं.”

आठ दिवसांत खरंच आरसा झाला. मी माझ्या आयुष्यात दादाचा तसा चेहरा पाहिला नव्हता. तो देखणा आहे हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. अक्कांनी त्याची दृष्ट काढली. उदगीरला सगळं पसंत पडलं, साखरपुड्याचा दिवस ठरला. दादाने पाणी गाळणं सोडलं, मौन सोडलं, चहा पुन्हा सुरू केला. फक्त ट्यूब. एक संपली की मी दुसरी आणायचो, आणि आणताना मला हलकं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. आतल्या लाल शिरा दिसायला लागल्या. ऊन लागलं की तोंड भाजायचं. घाबरून त्याने ट्यूब बंद केली, आणि आठवड्याभरात जे फुललं ते मुरूम नव्हतंच. सगळं तोंड सुजलं, लाल झालं, पाझरायला लागलं. नेमका तेव्हाच मुलीचा काका कामासाठी लातूरला आला आणि होणाऱ्या जावयाला भेटावं म्हणून कचेरीत शिरला. त्याने दारात दादाचं नाव सांगितलं. शिपाई म्हणाला, “कोन, मुदखेड जंक्शन का?” आणि मग हसत हसत त्याने सगळं सांगितलं. काकाने नकाशांच्या खोलीत डोकावून पाहिलं. आत न जाता परत फिरला. चार दिवसांनी अक्कांकडे निरोप आला. मुलाला रक्तातला काही जुना आजार आहे, सगळ्या कचेरीला माहीत आहे, तो आमच्यापासून लपवला, आम्ही मुलगी देत नाही.

त्या निरोपानंतर ती मुलगी एकटी आली होती, शाळेला सुट्टी टाकून. अक्कांनी खालून हाक मारली. दादा अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. “सांग, नांदेडला गेलाय,” तो म्हणाला. मी खाली जाऊन सांगितलं. तिने वर माडीकडे पाहिलं. “तब्येत कशी हाय त्यांची?” “बरी आहे,” मी म्हणालो. ती अक्कांकडे पाणीही न पिता गेली. पुढे तिचं निलंग्याकडे कुठेतरी लग्न झालं असं ऐकलं.

दादाने बदली मागून घेतली आणि नांदेडला परत गेला. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ट्यूबचं नाव ऐकून कपाळाला हात लावला म्हणे; ते स्टेरॉइड होतं. जखम भरायला वर्ष लागलं. लाली कायमची राहिली. लग्नाचा विषय आत्याने काढला की तो उठून जायचा. माझ्या लग्नाला आला, मांडवाच्या मागच्या, सावलीतल्या रांगेत बसला, आहेर देऊन जेवून गेला. मला त्याने एका शब्दानेही कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. कचेरीत मी हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो.

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडला गेलो होतो. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. दादा एकटाच राहतो. केस पांढरे, चेहरा लालसर, पातळ, एखाद्या जुन्या कागदासारखा. चहा झाल्यावर मी विषय काढला. काढला म्हणजे, तीस-पस्तीस वर्षं न सांगितलेलं एकदम बाहेर पडलं. मुदखेड मीच सांगितलं होतं दादा. नक्कलही मीच करायचो.

“माहिती होतं की,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला माहितीच नव्हतं ते. तू नाही म्हणालास तेव्हाच कळलं.”

“मग ती ट्यूब? ती का लावलीस? तिने तर तुझं तोंड जसं होतं तसंच पसंत केलं होतं. तुला गरज काय होती?”

दादाने कपबशी उचलून मोरीत ठेवली. तिथूनच म्हणाला, “महिनाभर तू माझ्याकडं बघत नव्हतास. ट्यूब घेऊन आलास तेव्हा बघितलंस. तुझं तोंड मला बघवंना रे. म्हटलं, नाही लावली तर हा जन्मभर असाच फिरंल.”

त्याने खुंटीवरची छत्री काढली, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर डोकावून म्हणाला, “ऊन उतरलंय. चल, नदीपर्यंत जाऊन येऊ. घरात बसून काय करणार?”

ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. रस्त्याच्या पश्चिमेकडे दुकानांच्या मधून तिरपी तिरीप त्याच्या छत्रीखाली येत होती. मी त्याच्या त्या बाजूला गेलो आणि घाटापर्यंत तसाच, त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये चालत राहिलो. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही. तो यंदा पाऊस वेळेवर येईल की नाही, याबद्दल काहीतरी बोलत होता.